स्वस्त प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग: व्होल्टेज वाढवण्याआधी काय तपासावे

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला, संगणक अडखळू लागला की बहुतेकांचा हात आधी बायोसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ मांडणीच्या पडद्यावरच्या) व्होल्टेजच्या रकान्याकडे जातो. महागडा प्रोसेसर, भक्कम मदरबोर्ड आणि मोठा कूलर हाताशी असेल तर या उपायाने बरेचदा काम भागते. स्वस्त प्रोसेसरच्या बाबतीत मात्र त्याच उपायाने दुखणे वाढण्याची शक्यता अधिक असते, कारण स्वस्त प्रोसेसर घेणारा माणूस मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि रॅमही सहसा त्याच हिशेबाने घेतो, आणि अशा संचात सर्वांत आधी हार मानणारा भाग क्वचितच प्रोसेसर असतो. माझ्याकडे एएमडीचा रायझन ३ १२०० प्रोसेसर आहे, बी४५० चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपच्या) एका साध्या मदरबोर्डवर बसवलेला. या जोडीने मला जे त्रास दिले त्यांतल्या बहुतेकांचे मूळ प्रोसेसरच्या बाहेर सापडले. ते मूळ कसे शोधावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या छंदाला कीर्ती मिळाली ती स्वस्त प्रोसेसरांमुळेच. १९९८ सालचा इंटेलचा सेलेरॉन ३००ए हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. त्याचा गुणक, म्हणजे बसच्या (मूळ घड्याळाच्या) वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग येतो तो आकडा, ४.५ वर कुलूपबंद होता, पण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर थेट ४५० वर धावत असे, आणि त्याची १२८ किलोबाइटची एल२ कॅश (प्रोसेसरची जवळची वेगवान मेमरी) चिपवरच असून पूर्ण वेगाने चालत असल्यामुळे कितीतरी महाग पेंटियम २ च्या बरोबरीने उभा राहत असे. पुढे २०१४ मध्ये इंटेलने पेंटियम जी३२५८ खुल्या गुणकासह विकला, २०१७ मध्ये एएमडीच्या रायझन ३ मालिकेने खुला गुणक स्वस्त गटात आणला आणि २०१९ मध्ये ॲथलॉन ३०००जी आला. दरम्यान परिस्थिती मात्र बदलली आहे: आताचे प्रोसेसर तापमान आणि विजेची मर्यादा पाहून स्वतःच वेग वाढवतात, त्यामुळे हाताने वाढवण्यासाठी उरलेली जागा थोडी असते. १२०० चा मूळ वेग ३.१ आणि बूस्ट, म्हणजे स्वतःहून वाढणारा वेग, ३.४ गिगाहर्ट्झ आहे. सर्व गाभ्यांवर (कोअरवर) ३.८ मिळाले तर ते पुष्कळ झाले, ३.९ हे नशीब, आणि ४.० वर तो थबकला तर त्याला बिघाड म्हणू नये. एखाद्या चिपची ताकद तिथे संपलेली असते आणि शेजाऱ्याच्या त्याच नावाच्या चिपची थोडी पुढे संपते.

वेग बदलतच नसेल तर दोष शोधण्याआधी परवानगी तपासावी. एएमडीच्या ए३२० आणि ए५२० चिपसेटवर गुणक वाढवण्याची अधिकृत सोय नाही, बी३५०, बी४५० आणि बी५५० वर आहे. इंटेलकडे गुणक बदलण्यासाठी के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट, अशी दोन्ही बाजूंची पूर्तता लागते. ही वाट बंद दिसली की काही जण बेस क्लॉक, म्हणजे सहसा १०० मेगाहर्ट्झचे मूळ घड्याळ, वाढवू पाहतात. अनेक मदरबोर्डांवर याच घड्याळावर पीसीआय एक्सप्रेस आणि साटा जोडण्यांचा वेगही ठरत असल्यामुळे, १०० चे १०४ केले तरी एसएसडी दिसेनाशी होणे किंवा ग्राफिक्स कार्डाने चुका करणे शक्य असते. अशा वेळी डिस्क बिघडली असे समजून तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बेस क्लॉक पुन्हा १०० वर आणून पाहावे.

दुसरी पूर्वतयारी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच टाळली जाते. वेगाला हात लावण्यापूर्वी संगणक कारखान्याच्या मूळ मांडणीवर पूर्णपणे निर्दोष चालतो का, हे पाहिलेच पाहिजे. बायोसमध्ये सर्व मूळ मूल्ये घालून, रॅमचे एक्सएमपी (रॅमवर छापलेला वाढीव वेग लावणारी मांडणी) बंद ठेवून, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची पूर्ण फेरी आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्राइम९५ किंवा ओसीसीटीची तासाभराची चाचणी घ्यावी, आणि त्या वेळचे तापमान, व्होल्टेज व वेग मोजणाऱ्या सिनेबेंचचे गुण लिहून ठेवावेत. ओव्हरक्लॉकमुळे आले असे वाटणारे कितीतरी दोष इथेच उघडे पडतात. एक्सएमपी बंद ठेवण्याचा आग्रह एवढ्यासाठी की तोही ओव्हरक्लॉकचाच प्रकार आहे: डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ असते, तर वेगवान संचांचे एक्सएमपी सहसा १.३५ मागते, आणि पहिल्या पिढीच्या रायझनचा मेमरी कंट्रोलर अधिकृतपणे जास्तीत जास्त डीडीआर४-२६६७ पर्यंतचाच आहे. अशा प्रोसेसरवर ३२०० ची रॅम पूर्ण वेगाने चालवत असतानाच गुणकही वाढवला, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक ब्लू स्क्रीनचे (विंडोज कोसळल्यावर दिसणाऱ्या निळ्या पडद्याचे) दोन संशयित होतात. म्हणून गाभ्यांचे काम संपेपर्यंत मी रॅम २१३३ वरच ठेवतो आणि नंतर गाभे स्थिर करून रॅमकडे वळतो.

आता प्रत्यक्ष लक्षणांकडे येऊ. संगणक मुळीच सुरू न होणे हे दिसायला सर्वांत भयंकर आणि निस्तरायला सर्वांत सोपे. चांगला मदरबोर्ड एक-दोन प्रयत्नांनंतर स्वतःहून मूळ मूल्यांवर परततो. स्वस्त बोर्ड कधीकधी काळ्या पडद्यावरच अडून बसतो. अशा वेळी लगेच निष्कर्ष काढू नये, कारण रॅमचा वेग बदलल्यानंतर बोर्ड मेमरीची जुळवणी करत असतो आणि त्यात मिनिटभर पडदा काळा राहू शकतो. त्यानंतरही काही हालचाल नसेल तर मुख्य वीजजोडणी काढून सीमॉस, म्हणजे बायोसची मूल्ये साठवणारी मेमरी, साफ करावे: जंपर असेल तर त्याच्या दोन पिना जोडून, नसेल तर सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवून.

चालू संगणक निळा पडदा न दाखवता एकाएकी बंद होणे हे वेगळे प्रकरण आहे. गाभ्याचे व्होल्टेज थोडे कमी पडले तर बहुधा ब्लू स्क्रीन येतो, संगणक गोठतो किंवा स्वतःहून पुन्हा सुरू होतो. वीज तोडल्यासारखा संपूर्ण अंधार झाला आणि संगणक बंदच राहिला तर पॉवर सप्लायच्या किंवा तापमानाच्या संरक्षक यंत्रणेने हस्तक्षेप केला असण्याची शक्यता मोठी. या ठिकाणी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते आणि तिच्यातला पॉवर हा शब्द वाचून लोक नवा पॉवर सप्लाय घेऊन येतात. ती नोंद एवढेच सांगते की मागच्या खेपेस संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण तिलाही ठाऊक नसते. पॉवर सप्लायवर संशय असेल तर भाराखाली १२ व्होल्टची वाहिनी किती खाली येते ते पाहावे. एटीएक्सच्या प्रमाणानुसार पाच टक्के, म्हणजे ११.४ व्होल्टपर्यंत, सूट आहे. मदरबोर्डच्या सेन्सरवर या बाबतीत पूर्ण विश्वास टाकू नये, मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी.

ब्लू स्क्रीनवरचा मजकूर मात्र काळजीपूर्वक वाचण्यासारखा असतो. क्लॉक वॉचडॉग टाइमआउट याचा अर्थ एका गाभ्याने ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही, आणि ओव्हरक्लॉकच्या संदर्भात हे बहुधा त्या वेगाला व्होल्टेज अपुरे पडल्याचे चिन्ह असते. डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर (विंडोजने नोंदलेली हार्डवेअरची दुरुस्त न होणारी चूक) आला तर इव्हेंट व्ह्यूअरमधली डब्ल्यूएचईए-लॉगरची नोंद उघडावी; तिच्यातल्या एपिक आयडीवरून कोणता गाभा चुकला ते कळते, आणि प्रत्येक वेळी तोच क्रमांक येत असेल तर आपल्या चिपचा अशक्त गाभा सापडला असे समजावे. मेमरी मॅनेजमेंट किंवा पेज फॉल्ट अशी नावे दिसली तर मी आधी रॅमकडे पाहतो. हे संकेत आहेत, निकाल नव्हेत. अस्थिर गाभाही मेमरीच्या चुका घडवू शकतो, आणि म्हणूनच एका वेळी एकच मूल्य बदलण्याच्या नियमाला पर्याय नाही.

सर्वांत फसवे लक्षण संगणक बंद पडण्याचे नसून मंदावण्याचे असते. चाचणी चालू राहते, प्रोसेसरचे तापमान ७० अंशांच्या आसपास दिसते, तरी काही मिनिटांनी वेग घसरतो, पुन्हा वर येतो, पुन्हा घसरतो, आणि सिनेबेंचचे गुण मूळ मांडणीपेक्षाही कमी येतात. इथे दोषी बहुधा व्हीआरएम असतो, म्हणजे पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-दीड व्होल्टवर आणणारा मदरबोर्डवरचा विभाग. स्वस्त बोर्डांवर त्याचे मोजकेच फेज (भार वाटून घेणारे उपविभाग) असतात आणि पुष्कळदा त्यांवर हीटसिंकही नसतो.

या विभागाचे हाल का होतात ते थोड्या गणिताने स्पष्ट होते. प्रोसेसर वापरत असलेली गतिक शक्ती ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा आपण ३.४ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवरून ३.९ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर गेलो. वेग सुमारे १५ टक्के वाढला. शक्ती मात्र जवळजवळ ४५ टक्के वाढली. व्होल्टेजच्या वाढीचा भाग वगळला तरी व्हीआरएममधून वाहणारा प्रवाह सुमारे २९ टक्के अधिक झाला, आणि मॉसफेटच्या (व्हीआरएममधल्या वीज चालू-बंद करणाऱ्या भागांच्या) रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती दोन तृतीयांशांनी वाढली. वेग घसरतो म्हणून याच स्थितीत कोणी आणखी ०.०५ व्होल्ट दिले, तर तो ज्या कारणाने वेग घसरतो आहे त्याच कारणात भर घालतो. उपाय उलट दिशेचा आहे: व्होल्टेज कमी करावे, त्याबरोबर वेग ५०-१०० मेगाहर्ट्झने उतरवावा, आणि व्हीआरएमवर हवा पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

हवेच्या व्यवस्थेविषयी एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती सांगतो. १२०० बरोबर येणारा रेथ स्टेल्थ कूलर छोटा आणि ६५ वॉटच्या हिशेबाने केलेला असला तरी त्याचा पंखा वरून खाली हवा मारतो, आणि ती हवा हीटसिंकमधून पसरून आजूबाजूच्या मॉसफेटवरून जाते. त्याच्या जागी मी एक साधा टॉवर कूलर बसवला तेव्हा प्रोसेसरचे तापमान चांगलेच उतरले, पण लांब चाचणीत वेग घसरू लागला, जो आधी घसरत नव्हता. टॉवरचा पंखा हवा आडवी नेतो आणि व्हीआरएम निवांत हवेत तापत बसतो. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला मागे एक १२० मिलिमीटरचा पंखा लावल्यावर हा त्रास थांबला. व्हीआरएमचे तापमान मोजायचे तर स्वस्त बोर्डावर त्याचा सेन्सरच नसण्याची शक्यता असते, आणि एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसणारे १२७ अंशांसारखे स्थिर आकडे बहुधा न जोडलेल्या सेन्सरचे असतात. इन्फ्रारेड थर्मामीटरने मॉसफेटच्या मागच्या बाजूने, म्हणजे बोर्डाच्या पाठीवरून, अंदाज घेता येतो. बोटाने चाचपून पाहण्याचा मोह टाळावा.

प्रोसेसरचेच तापमान जास्त येत असेल तर ते कसे वाढते याकडे लक्ष द्यावे. भार पडताच एक-दोन सेकंदांत काटा ९० कडे झेपावत असेल तर कूलर आणि प्रोसेसर यांचा स्पर्शच नीट नाही: थर्मल पेस्ट वाळलेली असते, किंवा इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्यांपैकी एखादी पूर्ण बसलेली नसते. हीच वाढ दहा-पंधरा मिनिटांत सावकाश होत असेल तर पेस्ट बदलून उपयोग नाही, कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नाही असे समजावे. बाजूचे झाकण काढून तीच चाचणी घेतली की याचा निकाल ताबडतोब लागतो.

व्होल्टेजबाबत आणखी एक गोंधळ नेहमी होतो. बायोसमध्ये १.३५ घातले म्हणून प्रोसेसरला १.३५ मिळतातच असे नाही. भार पडला की ते खाली येतात, आणि साध्या बोर्डांवर ही घट लक्षणीय असते. लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय ती घट भरून काढते. तिची सर्वांत तीव्र पातळी निवडणे मला पटत नाही, कारण भार अचानक उतरतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर ठरलेल्या मूल्याच्या वर उसळते, आणि ही उसळी सॉफ्टवेअरमध्ये सहसा दिसत नाही. मधली पातळी निवडावी आणि भाराखालचे व्होल्टेज पाहून मूल्य ठरवावे. रायझनवर एचडब्ल्यूइन्फोत एसव्हीआय२ टीएफएन या नावाने येणारे वाचन मदरबोर्डच्या सर्वसाधारण व्हीकोअर (गाभ्याचे व्होल्टेज) वाचनापेक्षा विश्वासार्ह मानतात. मीही तेच पाहतो. पहिल्या पिढीच्या रायझनला रोजच्या वापरासाठी मी भाराखाली १.३५ च्या वर जाऊ देत नाही आणि तापमान ८० च्या आत ठेवतो, जरी त्याची कमाल मर्यादा ९५ अंश असली तरी.

चाचणी रात्रभर उत्तीर्ण होते आणि दुसऱ्या दिवशी साधे पान वाचताना संगणक गोठतो, ही तक्रार ऐकली की मी विचारतो की व्होल्टेज स्थिर दिले आहे की ऑफसेटने, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या मूल्याहून ठरावीक कमी-जास्त. उणे ऑफसेट दिला असेल तर पूर्ण भाराखाली पुरेसे असलेले व्होल्टेज हलक्या कामाच्या वेळी, जेव्हा प्रोसेसर स्वतःच खूप खाली उतरतो, अपुरे पडू शकते. रिकाम्या वेळी येणाऱ्या बंद पडण्यावर रायझनच्या अनेक बोर्डांवर पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाची एक नोंद असते. ती टिपिकल करंट आयडलवर ठेवून पाहावी. जुन्या पॉवर सप्लायना अत्यल्प प्रवाहावर स्थिर राहणे जमत नाही, त्यांच्यासाठी हा उपाय विशेष कामाचा आहे.

माझ्या मते सर्वांत धोकादायक ती अस्थिरता, जी दिसतच नाही. संगणक चालतो, खेळ चालतात, पण एखादी संकुचित फाइल उघडताना सीआरसी, म्हणजे माहिती जशीच्या तशी असल्याची पडताळणी, चुकते, ब्राउझरचे एखादे पान विनाकारण कोसळते. प्राइम९५ मध्ये राउंडिंग ०.५ आले, अपेक्षा ०.४ पेक्षा कमीची होती, असा संदेश देऊन एक वर्कर (चाचणीचा एका गाभ्यावर चालणारा भाग) थांबला आणि बाकीचे चालू राहिले, तर काही जण उरलेले चालत आहेत यावर समाधान मानतात. त्या एका गाभ्याने चुकीचा हिशेब केला आहे, आणि तोच गाभा उद्या आपल्या फाइलचा हिशेब करणार आहे. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या डब्ल्यूएचईए १९ या नोंदी, म्हणजे सापडून दुरुस्त झालेल्या चुका, याच कारणाने गंभीर समजाव्यात. प्रयोग चालू असताना महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर असावी, आणि ऑपरेटिंग सिस्टिमची स्थापना किंवा मोठे अपडेट ओव्हरक्लॉक काढूनच करावे.

याच्या उलट एक प्रकार रायझनच्या झेन २ या रचनेच्या आणि त्यापुढच्या प्रोसेसरांवर दिसतो. व्होल्टेज फार कमी केले तरी ते कोसळत नाहीत. घड्याळाचे ठोके ताणून वेळ मारून नेतात. दाखवलेला वेग तोच राहतो, काम मात्र कमी होते. एचडब्ल्यूइन्फोमधला इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्ष मिळणारा वेग) आणि सिनेबेंचचे गुण सोबत पाहिल्याशिवाय हे समजत नाही. याच प्रोसेसरांवर हाताने सर्व गाभ्यांना एकच वेग ठरवून दिला की एका गाभ्याचा कारखान्याचा बूस्ट बंद होतो, आणि एका धाग्यावर चालणारी कामे आधीपेक्षा मंद होतात. असा ओव्हरक्लॉक करण्यात मला तरी स्वारस्य नाही.

प्रत्यक्ष पद्धत सांगायची तर रायझनचा गुणक ०.२५ च्या, म्हणजे २५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वाढवता येतो. व्होल्टेज स्थिर ठेवून वर जात राहावे, चूक येईल तिथे थोडे व्होल्टेज वाढवावे आणि दोन्ही आकडे नोंदवावेत. काही पायऱ्यांनंतर असा टप्पा येतो की आणखी ५० मेगाहर्ट्झसाठी आधीच्या दुप्पट-तिप्पट व्होल्टेजवाढ लागते. तिथून एक-दोन पायऱ्या खाली उतरून थांबावे. प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी चाचणी गाभे आणि उष्णता तपासते, ब्लेंड रॅमलाही सामावून घेते. सिनेबेंचच्या दहा मिनिटांवर मी भिस्त ठेवत नाही. स्मॉल एफएफटी उत्तीर्ण झाली आणि ब्लेंड अडखळली तर गाभ्यांना व्होल्टेज देऊन काहीही साधणार नाही, रॅमचा वेग किंवा टायमिंग (रॅमच्या प्रतीक्षेचे आकडे) सैल करावे.

स्थिर झालेली मूल्ये कागदावर उतरवून ठेवावीत, कारण बायोस अपडेट केल्यावर ती पुसली जातात, आणि जुन्या आवृत्तीत साठवलेले प्रोफाइल नव्या आवृत्तीत लोड करण्यापेक्षा सर्व आकडे पुन्हा हाताने भरणे सुरक्षित असते. थंड दिवसांत घेतलेल्या चाचणीला खोलीचे तापमान आणि तारीखही जोडावी. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसर आणि व्हीआरएम दोन्ही साधारण तेवढेच वर सरकतात, आणि थंडीत काठावर उत्तीर्ण झालेली मांडणी त्या फरकाने नापास होते. माझा १२०० गरम दिवसांत ३.७५ वर असतो, एरवी ३.८ वर, या ५० मेगाहर्ट्झचा फरक कोणत्याही कामात मला जाणवलेला नाही.